कुस्कोच्या गल्लीत तू काय सांगितलंस

ब्रिस्टल
१२ ऑगस्ट २००७

प्रणय,

नाही, मला चक्कर आली नव्हती. तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. पेरूत, डोंगरावरच्या त्या कुस्कोत हवा विरळ होती हे खरं. हॉटेलातल्या पोरीनं कसल्याशा पानांचा चहा पाजला हेही खरं. जिना चढताना दम लागत होता. पण चक्कर आली नव्हती, ते तू विनयला सांगितलंस. माझी तब्येत ठणठणीत आहे. इथं ब्रिस्टलला सगळे रस्ते चढाउताराचे, मी रोज सकाळी दूध आणायला खाली जातो आणि वर येतो.

पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच बोलतोस. कल्याणी स्पीकर लावते. मग तुम्ही दोघं एकमेकांकडं बघता, ते मला इथं कळतं. पत्रात कोणाला मध्ये बोलता येत नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुका असतील. तपासायला बसू नको.

पत्राच्या वर जय भीम लिहिलेलं नाही. विसरलो नाही. तुझ्या घरी टपाल कोण फोडतं मला माहीत नाही, उगीच तुझी अडचण नको.

सुलक्षणाला मी एवढंच सांगितलं की तुमच्या मिल्टन कीन्सच्या गोल चौकांना, त्या राउंडअबाऊटना कंटाळलो. सगळे सारखे, बाहेर पडलं की घर सापडत नाही, म्हणून तुझ्याकडं आलो. तिनं मान हलवली. औरंगाबादला आपल्या शेजारच्या खोलीत वाढलेली पोर, तिला माझं खोटं कळणार नाही का? पण ती नर्स आहे. दुखतं तिथं लगेच दाबून बघत नाही.

आता तुझं काम. नव्या घरात सत्यनारायण आहे, सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी. घरातला मोठा माणूस म्हणून मी पूजेला बसायचं. "अण्णा, फक्त बसायचं, काही बोलायचं नाही. ऑफिसची चार माणसं येणार, बरं दिसतं." हे तू मला परतीच्या विमानात सांगितलंस, पट्टा बांधून झाल्यावर. जागा बरी निवडलीस. उठून जाता येत नाही.

माझ्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरी येऊन देव गोदावरीत सोडले. तुझं आणि कल्याणीचं लग्न विहारात लागलं. आणि मी सत्यनारायणाला बसू? बरं दिसतं म्हणून?

पण तुला वाटतंय मी पूजेवरून घर सोडलं. तसं नाही. पूजेवरून मी भांडलो असतो, जेवलो असतो आणि झोपलो असतो. मी घर सोडलं ते त्या गल्लीवरून. तुला आठवतं की नाही कोण जाणे, म्हणून लिहून काढतो.

पेरूची ट्रिप विनयच्या डोक्यातली. तो तुझा साहेब, नीना त्याची बायको, पुण्याची माणसं, बोलायला गोड. मला एकटं घरी ठेवायला तुम्हाला धाकधूक, म्हणून मलाही नेलंत. नेलंत हे चांगलं केलं, नाही म्हणत नाही. पहिल्या दिवशी डोंगर चढायचा नाही, अंग हवेला सरावू द्यायचं, म्हणून ती छोटी फेरी घेतली, गावातल्या गावात चालत, गाईड बरोबर. हिलारिओ नाव त्याचं. बुटका, काळा, कानावर टोपी ओढलेली.

गाईड म्हणलं की मी आधी चार हात लांब राहतो. वेरूळच्या लेण्यांवर मी तीस वर्षं पहारेकरी होतो हे तू विनयला कधी सांगितलं नाहीस. "आर्किऑलॉजीत होते" म्हणालास, जणू मी खोदून काढलं ते. तिथं गाईड लोक गोऱ्यांना काय काय सांगायचे! एक जण तर एका खांबाला हात लावायला लावून म्हणायचा, याच्यात पाणी वाहतंय, ऐका. बायका कान लावायच्या. मी स्टुलावर बसून बघायचो.

हा हिलारिओ तसला नव्हता. मोठ्या चौकातून त्यानं आम्हाला एका गल्लीत नेलं. दोन्हीकडं काळ्या दगडांच्या भिंती, चुना नाही, सिमेंट नाही, दगडाला दगड घट्ट. म्हणाला, खालची भिंत आमच्या लोकांची, वरचं चर्च स्पेनच्या लोकांनी नंतर चढवलं. एवढंच म्हणाला. हात हलवले नाहीत, आवाज चढवला नाही. मला माणूस आवडला.

विनय आणि नीना मागं राहिले होते, त्या भिंतीतल्या नावाजलेल्या बारा कोपऱ्यांच्या दगडाबरोबर फोटो काढत. आपण तिघं आणि हिलारिओ पुढं. तिथं तो फुटपाथकडं बोट करून म्हणाला, माझे आजोबा याच्यावर चालत नसत. जमिनीचा मालक समोरून आला की टोपी काढून खाली गटारात उतरायचे, तो जाईपर्यंत उभे राहायचे.

हे त्यानं इंग्रजीत सांगितलं. तू मला मराठीत सांगायला वळलास, "अण्णा, तो म्हणतोय" म्हणून. मी म्हणलं, कळलं मला. तुझं लक्ष नव्हतं. मग मी म्हणलं, "त्याला सांग, माझा बापपण असाच उभा राहायचा. पाटील दिसला की रस्ता सोडून बाभळीच्या काट्यात. मी त्याचं बोट धरलेलं असायचं. त्याला सांग, आम्ही भारतातले तसलेच."

कल्याणी माझ्याकडं बघत होती, तिचे डोळे भरले होते. तू मागं वळून बघितलंस. विनय-नीना येत होते, अगदी जवळ आले होते. आणि तू हिलारिओला इंग्रजीत सांगितलंस, "माझे वडील म्हणतात, आमच्याकडच्या जुन्या गावांतपण गल्ल्या अशाच अरुंद असतात."

तो म्हणाला, हो हो, फार अरुंद. आणि पुढं निघाला.

प्रणय, मला इंग्रजी बोलता येत नाही. ऐकता येतं. तीस वर्षं मी त्या स्टुलावर दुसरं काय करत होतो?

कडूबा भालेराव


ब्रिस्टल
२१ ऑगस्ट २००७

प्रणय,

पत्र पोचलं असं दिसतंय. मला फोन केला नाहीस, सुलक्षणाला केलास. ती बाहेर पायरीवर बसून बोलत होती, आत येऊन म्हणाली, "काका, तो म्हणतो मी खोटं कुठं बोललो? लोक आपणहून तसं धरून चालले, मी फक्त नाही म्हणालो नाही."

वा. वकील हो.

भालेराव आडनाव तसं सोयीचं आहे, हे मलाही माहीत आहे. आपल्यातही आहेत, ब्राह्मणांतही आहेत. पहिल्या दिवशी विमानतळावर विनयनं विचारलं, "काका, तुम्ही भालेराव म्हणजे देशस्थच ना? माझ्या आत्याच्या सासरचे पैठणचे भालेराव." मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालास, "हो, त्याच बाजूचे." बाजू बरोबर सांगितलीस. त्याच बाजूचे आपण. गावाच्या बाहेरचे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं सुलक्षणा म्हणते. नाही बोललो. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. पुण्याच्या पहिल्या नोकरीत काय झालं ते मला माहीत आहे. मागासवर्गीय महामंडळाच्या कर्जाला जातीचा दाखला लागला, कोणीतरी तो बघितला, आणि दुपारच्या डब्याच्या टेबलावरून एकेक जण उठायला लागला. तू घरी येऊन सांगितलं नव्हतंस, तुझ्या आईनं डबा तसाच परत आलेला बघून ओळखलं. तेव्हा तू पोरगा होतास, मला तुझी दया आली. आता साहेबाशेजारी बसतोस, घर घेतलंस. कोणाला भितोस? विनयला? तो माणूस चालताना पायाखाली बघत नाही, दोनदा आपटला.

आणि जेवणाचं. नीनाबाई शाकाहारी, म्हणून आपण सगळेच शाकाहारी. ठीक आहे, एक वेळ पाहुण्यांसाठी. पण मी कोंबडीकडं बोट दाखवलं तर तू वेटरच्या आधी नीनाला म्हणालास, "अण्णांचा गुरुवार असतो." माझा? मी आयुष्यात एक गुरुवार धरलेला नाही. तुझ्या आईनंही नाही. नीना लगेच म्हणाली, "किती छान, दत्ताचा का?" आणि तू हसलास. तीन दिवस मला बटाट्यावर ठेवलंस. त्या देशात बटाट्याच्या इतक्या जाती आहेत की मी चवीनं मोजत बसलो.

घरात बुद्ध ठेवलाय म्हणून सुलक्षणाला सांगितलंस. बुद्ध विनयच्या घरीपण आहे. बाथरूममध्ये, टॉवेलाच्या बाजूला. मी बघितलाय.

आता चक्कर. मागच्या पत्रात ते अर्धवट सोडलं. सांगून टाकतो.

फेरी संपली ती त्या मोठ्या देवळाशी. वर चर्च, खाली त्यांच्या सूर्याच्या देवळाच्या भिंती. हिलारिओनं सगळ्यांचे आभार मानले. तुम्ही चौघं सावलीत उभं राहून जेवायचं ठरवत होतात. मी त्याच्याकडं गेलो. मला शब्द येत नव्हते. "माय फादर" एवढं म्हणलं. मग फुटपाथवरून खाली रस्त्यावर उतरलो, टोपी काढली, मान खाली घातली, उभा राहिलो. मागून एक गाडी आली, तिनं हॉर्न वाजवला, मी हललो नाही. मग त्याला बोट दाखवलं, स्वतःला दाखवलं. सेम, म्हणलं. सेम.

तो खाली उतरला. माझ्या बाजूला त्या रस्त्यावर उभा राहिला. त्यानं पण टोपी काढली. माझा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, इंग्रजीत नव्हे. मला ते कळलं नाही आणि कळलं.

आणि विनय लांबून ओरडला, "अरे, काकांना चक्कर आली का?"

तू म्हणालास, "हो, हवा विरळ आहे ना."

धावत आलास, माझा दंड धरलास, बाटलीतलं पाणी पाजलंस. हिलारिओला म्हणालास, सॉरी, वडलांचं वय झालंय. तो तुझ्याकडं बघत राहिला. तुला तेव्हा काय वाटलं ते मला माहीत नाही, पण मला त्या माणसासमोर लाज वाटली. माझी नव्हे.

इतकं सगळं झालं तरी सुलक्षणा चार दिवस माझ्या मागं लागली आहे. म्हणते, "काका, पोरगं आहे. एकदा समोर बसून बोला. नवं घर बघा त्याचं, अजून पाऊल नाही टाकलंत तिथं. बापानं लेकाचं घर बघू नये का?" घर बघायचं आहे मला, खोटं कशाला बोलू. बाग आहे म्हणतोस मागं. भेंडी येते का त्या मातीत, बघायचं आहे.

म्हणून ऐक. मी येतो. पूजेला बसणार नाही, त्या बाजूला फिरकणार नाही. मागं बागेत खुर्ची टाकून बसेन. मी होऊन कोणाला काही सांगत फिरणार नाही. पण कोणी विचारलं तर खरं सांगेन, आणि जय भीम मोठ्यानं म्हणेन. एवढं सोस. सुलक्षणाही येणार, तिनं त्या रविवारची शिफ्ट बदलून घेतली आहे. तिला तू फोनवर बोलावलंस याचा तिला फार आनंद झाला. काल साडी काढून दारावर टांगून ठेवली आहे, निळी. येता-जाता तिच्याकडं बघते. आम्ही दोघं कोचनं येऊ, तू फक्त स्टँडवर घ्यायला ये.

तुझा बाप


ब्रिस्टल
३ सप्टेंबर २००७

प्रणय,

काल साडी दारावर नव्हती.

मी म्हणलं, सुलक्षणा, रविवारी कोच किती वाजता? ती भांडी घासत होती. पाठ माझ्याकडं. म्हणाली, "काका, मला जमत नाही हो. वॉर्डात माणसं कमी आहेत. तुम्ही जा, मी तुम्हाला बसवून देते." मी म्हणलं, बरं. पण घासलेलंच भांडं ती परत घासत होती.

संध्याकाळी तुझ्या बायकोचा फोन आला. माझ्यासाठी नव्हता, सुलक्षणाची माफी मागायला होता. सुलक्षणा अंघोळीला गेली होती, उचलला मी. कल्याणीला वाटलं मला सगळं माहीत आहे. ती रडत म्हणाली, "अण्णा, मी त्यांना सांगितलं होतं की ताईला असं बोलू नका."

मी विचारलं, कसं?

मग तिनं सांगितलं. तू शुक्रवारी ऑफिसमधून सुलक्षणाला फोन केलास. म्हणालास, ताई, त्या दिवशी नको येऊस, पुढच्या आठवड्यात ये, तेव्हा आपण घरचेच असू, निवांत जेवू. तिनं विचारलं, का रे? तर तू म्हणालास, "अण्णांना मी बागेत सांभाळून घेईन. पण तू आलीस की लगेच कळतं, ताई."

तू आलीस की लगेच कळतं.

या बाईनं तू पहिल्यांदा या देशात उतरलास तेव्हा तुला घरात घेतलं. तिच्या सोफ्यावर तू झोपायचास आणि ती शिफ्टवरून आली की जिन्यात बसून राहायची, तुझी झोप मोडू नये म्हणून. मुलाखतीला जाताना तुझ्या शर्टाच्या कॉलरला नवरदेवासारखी ताठ इस्त्री तिनं केली. कल्याणीच्या पहिल्या बाळंतपणात जे झालं, तेव्हा ब्रिस्टलहून गाडी हाकत रात्रीत कोण आलं होतं? विनय?

कल्याणीनं आणखी सांगितलं. लेस्टरच्या गुरुजींनी पूजेसाठी गोत्र विचारलं. तुला माहीत नव्हतं, कसं असणार, आपल्याला कुठलं गोत्र. तू विनयला म्हणालास, "आमच्याकडं कोणी पाळलं नाही रे, विसरलो." तो म्हणाला, माहीत नसेल त्यानं कश्यप सांगायचं असतं. तू कश्यप सांगितलंस. बाप आहे अजून जिवंत, त्याला न विचारता तू दुसऱ्या कोणाचा नातू झालास.

कल्याणीला मी दोष देत नाही. देतो, थोडा देतो. तिथं गल्लीत तिचे डोळे भरले होते, पण ती बोलली नाही. माझ्याही तोंडाला तेव्हा कुलूप होतं, म्हणून तिला फार बोलत नाही. तिला सांग, फोन केला हे बरं केलं.

सुलक्षणा अंघोळ करून आली तेव्हा मी खुर्चीत बसून होतो. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि टॉवेल तसाच हातात धरून उभी राहिली.

मी म्हणलं, "काय म्हणाला तो तुला?"

"जाऊ द्या काका."

"लगेच कळतं म्हणाला."

"घाबरतंय पोरगं."

"पोरगं छत्तीस वर्षांचं आहे."

ती हसली. म्हणाली, "कळतंच की पण. मी आत शिरले की आधी जय भीम म्हणणार, नंतर चपला काढणार. त्याचं काही चुकलं नाही." आणि मग तिथंच पलंगाच्या कडेवर बसून रडली. ही बाई मेलेल्या माणसांचे डोळे मिटते, रोजचं काम आहे तिचं, मी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. म्हणाली, "काका, मला वाटलं होतं त्याला माझी लाज वाटत नाही. बाकी सगळ्यांची वाटू दे."

मला तू गल्लीत खोटं पाडलंस ते मी गिळलं होतं. बाप आहे, गिळतो. येतोच म्हणलं होतं. तुझी अडचण सांभाळून बागेत बसायला तयार झालो होतो, जसा माझा बाप काट्यात उभा राहायला तयार व्हायचा. हे मला काल समजलं. तिथं रस्त्यावर उतरून मी त्या परक्या माणसाला दाखवत होतो की आम्ही असे उभे राहायचो, आणि इकडं तुझ्या घरी परत तसाच उभा राहायला निघालो होतो. आणि वर तिलापण घेऊन.

मी येणार नाही. पूजेला नाही, बागेत नाही, पुढच्या आठवड्यात निवांत नाही. लोकांना काय सांगायचं ते तू ठरव. चक्कर आली म्हण, तुला जमतं. परतीच्या विमानाची तारीख अलीकडं घ्यायला सुलक्षणाला सांगितलं आहे. ती आणि मी त्या रविवारी इथल्या विहारात जाणार, तिनं साडी परत काढली आहे. विमानतळावर ती सोडेल. तू येऊ नकोस. माझी राहिलेली बॅग कल्याणीला पाठवायला सांग, तू बांधू नकोस.

औरंगाबादला आल्यावर दार उघडं आहे का, हे विचारू नको. तू तिथं कोण म्हणून येशील हे मला माहीत नाही, आणि आत्ता मला त्यावर डोकं खपवायचं नाही. सुलक्षणाची माफी मागायची असेल तर तिच्या दारात येऊन माग, फोनवर नको. ती देईल की नाही तिचं तिला माहीत. मी मध्ये पडणार नाही, तिला समजावणार नाही, तुला काय वाटतं ते तिला पोचवणार नाही.

आता फोन आला तर मी उचलणार नाही. पत्र आलं तर उत्तर देणार नाही. जेवढं सांगायचं होतं तेवढं सांगून झालं. याच्यापुढं मी काही बोलणार नाही.

कडूबा भालेराव